पहारा कुणी करायचा

नवी गाडी घेतलेल्या ओळखीच्यांशी बोलताना हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं: "एडास आहे, पण बंदच ठेवलंय." एडास म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा: ती पुढच्या गाडीपासून अंतर राखते, पट्ट्यात ठेवते, वेळ पडली तर ब्रेक लावते. वरच्या मॉडेलसाठी जास्तीचे पैसे मोजलेले असतात, पहिल्या आठवड्यात कौतुकही झालेलं असतं. मग एक दिवस गाडी भर रस्त्यात आपल्या मनाने ब्रेक लावते, मागचा हॉर्नवर हात ठेवून शिव्या घालतो, आणि घरी पोचल्यावर सगळं बंद होतं. त्यांची भीती मला समजते, तरी हे वाक्य ऐकून जीव खालीवर होतो. बंद केलेल्या त्या यादीत एखादी गोष्ट अशी असते, जी कुणाला तरी जिवंत घरी पोचवू शकली असती.

समोरच्या काचेवर, आतल्या आरशामागे एक कॅमेरा असतो आणि पुढच्या बंपरमध्ये किंवा जाळीमागे रडार. कॅमेरा पट्टे आणि आकार ओळखतो, रडार अंतर आणि वेग मोजतं. २०२० मध्ये एमजी ग्लॉस्टर आणि पुढच्या वर्षी महिंद्रा एक्सयूव्ही ७०० आली, तेव्हापासून आपल्याकडे ही भाषा रुळली. आता लहान गाड्यांतही ती दिसते. या सगळ्याचं मूळ बरंच जुनं आहे. गाडीचा वेग आपोआप धरून ठेवण्याची युक्ती राल्फ टीटर या अमेरिकन अभियंत्याने शोधली. १९५० मध्ये त्याला तिचं पेटंट मिळालं, १९५८ मध्ये ती क्रायस्लरच्या गाडीत आली. टीटर लहानपणापासून अंध होता. शेजारी बसून दुसऱ्याच्या चालवण्यातले हिसके सोसणाऱ्या माणसाला ती सुचावी, हे मला फार पटतं.

पण टीटरचा रस्ता आणि आपला रस्ता यांत मोठं अंतर आहे. दुपदरी रस्त्यावर पुढचा ट्रक इंडिकेटर दाखवतो, तेव्हा तो स्वतः वळणार असतो की "मोकळं आहे, जा पुढे" असं सांगत असतो, हे आपण त्याच्या वेगावरून आणि चाकांच्या कलावरून ओळखतो. क्लीनरचा खिडकीबाहेर हलणारा हात, म्हशींमागून चालणाऱ्या पोराची उचललेली काठी, दुभाजकाच्या फटीत उभी राहून गाड्यांचा अंदाज घेणारी बाई: आपण रस्ता वाचतो तो माणसांवरून. यंत्र तो वाचतं पट्ट्यांवरून, आणि पट्टे तर पहिल्या दोन पावसाळ्यांत पुसले जातात. रस्त्याचं काम निघालं की जुन्या पट्ट्यांवर काळा रंग फासतात. उन्हात तोही चमकतो आणि गाडी त्यालाच खरा पट्टा समजून सुकाणू ओढते.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तर रोजचा अनुभव. पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर ठेवायला सांगितलं, की त्या अंतरात कुणीतरी शिरतं. आपली गाडी शहाण्यासारखी वेग कमी करते, पुन्हा अंतर तयार होतं, पुन्हा कुणी शिरतं. चालक वैतागतो आणि अंतर सर्वांत कमी करून ठेवतो. इथे मी ठामपणे यंत्राच्या बाजूची आहे. ते अंतर रिकामी जागा नव्हे, ब्रेक लागेपर्यंतचा वेळ आहे. ताशी १०० किलोमीटरला एका सेकंदात गाडी जवळजवळ २८ मीटर जाते, आणि माणसाचा पाय ब्रेकवर पोचायलाच सेकंदभर लागतो. चौघं पुढे घुसले म्हणून लोणावळ्याला पोचायला असा कितीसा उशीर होणार?

पट्ट्यात ठेवणाऱ्या सुकाणूबद्दल मात्र मी चालकांच्या बाजूने बोलेन. सायकलवाल्याला वळसा घालताना इंडिकेटर दिला नाही, तर गाडी आपल्याला परत त्याच्याच दिशेने ढकलू पाहते. जोर फार नसतो, हाताने सहज मोडता येतो, पण त्या क्षणी पोटात गोळा येतो. एक चांगलं मात्र यातून घडलेलं मी पाहिलं आहे: वर्षानुवर्षं इंडिकेटरला हात न लावणारी माणसं तो देऊ लागली.

या यंत्रांचा खरा मोठेपणा मला पटला तो उसाच्या दिवसांत. कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या निघतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला, आणि समोरून येणाऱ्याचा अप्पर थेट डोळ्यांत. त्या दोन-तीन सेकंदांत माणूस अक्षरशः आंधळा असतो. रडारला उजेड लागत नाही. पुढे काहीतरी आपल्यापेक्षा फार हळू चाललंय, एवढं त्याला अंधारातही कळतं. अशाच एका रात्री आमची गाडी किंचाळली आणि माझ्या पायाआधी तिने ब्रेक लावला. उसाचे शेंडे दिसले ते त्यानंतर. तेव्हापासून "बंदच ठेवलंय" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते.

तरी या यंत्रांची मर्यादाही सांगायला हवी. थांबलेल्या वस्तूंचं कोडं रडारला अवघड जातं. दिशाफलक, पुलाचा कठडा, जमिनीतलं लोखंडी झाकण, सगळ्यांवरून लाटा परत येतात. प्रत्येकासाठी ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही, म्हणून अनेक यंत्रणा वेगात असताना मुळातच थांबलेल्या गोष्टींकडे काणाडोळा करतात. आणि आपल्याकडे रात्री घात करतो तो नेमका रस्त्यात बंद पडलेला ट्रक. त्याच्यामागे दगड मांडून झाडाची फांदी ठेवलेली असते. ती फांदी दिसली की आपला पाय आपोआप उचलला जातो.

निदान उचलला जायला हवा. तो पाय जागा असेल का, हा माझ्या मनातला सगळ्यांत मोठा प्रश्न. माझे मामा एसटीत चालक होते, उभी नोकरी घाटात गेली. समृद्धी महामार्गावर मी वेग लावून दिला आणि पाय मागे घेतला, तेव्हा ते म्हणाले, "पाय मोकळा सोडू नकोस गं. पाय मोकळा झाला की डोळा लागतो."

मामांनी जे घाटात ओळखलं, तेच संशोधकांनी कागदावर मांडलं आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसणाऱ्यांच्या नजरेतून खुणा निसटत होत्या, म्हणून नॉर्मन मॅकवर्थ यांनी प्रयोग केले. १९४८ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की नुसतं बघत बसायचं काम असेल तर अर्ध्या तासातच माणसाचं लक्ष ढळू लागतं. १९८३ मध्ये लिझान बेनब्रिज यांनी स्वयंचलित यंत्रांवरच्या निबंधात पुढचा मुद्दा मांडला: सोपं काम यंत्राकडे जातं आणि माणसाकडे उरते ती देखरेख, जी त्याला सर्वांत कमी जमते. शिवाय हात चालवायची सवय मोडल्यावर, ऐन अडचणीत सगळं त्याच्याच हातात परत येतं.

मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरच्या सरळसोट समृद्धीवर, टळटळीत दुपारी, हे शब्दशः खरं ठरतं. डोळे उघडे असतात आणि मन भलतीकडेच. काही गाड्या सुकाणूवरच्या हाताची चाल पाहून थकवा ओळखतात आणि पडद्यावर कपाचं चित्र दाखवतात. ते दिसलं की थांबावं. तेवढ्यासाठी तरी मी त्या यंत्राची ऋणी आहे. पण वेग, अंतर आणि सुकाणू तिन्ही त्याच्यावर सोपवून नुसती राखण करत बसणं मी सोडून दिलं आहे. गाडी मी चालवीन, पहारा त्याने करावा. आपल्याकडच्या गाड्यांची स्वयंचलनातली पायरी शून्य ते पाचांतली फार तर दुसरी, आणि त्या पायरीवर जबाबदारी चालकाचीच असते. गाडी ताब्यात देताना शोरूममध्ये हे किती जणांना समजावून सांगतात? पेढे, हार, फोटो होतात. काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

आता पहारा कुणासाठी, तेही बोलायला हवं. २०२२ मध्ये भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत सर्वांत जास्त दुचाकीवरची, आणि जवळजवळ पाचातला एक पायी चालणारा. म्हणजे काचेच्या आतल्यापेक्षा बाहेरच्यांना या नजरेची गरज अधिक आहे. आणि आपोआप लागणारा ब्रेक विकला जातो तो बहुतेक वेळा सनरूफवाल्या वरच्या मॉडेलबरोबर, चैनीची वस्तू म्हणून. युरोपीय संघाने २०२४ च्या जुलैपासून प्रत्येक नव्या मोटारीत तो सक्तीचा केला. आपणही २०१९ च्या एप्रिलपासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं केलंच, आणि तेव्हा कुणी त्याला चैन म्हटलं नाही. सुकाणू धरणारं यंत्र हवं त्याने विकत घ्यावं. ब्रेक लावणारं मात्र सर्वांत स्वस्त गाडीतही असावं, आणि ते आपल्या रिक्षा, आपल्या ट्रॉल्या, आपल्या दिंड्या बघून पारखलेलं असावं. तोवर उसाच्या ट्रॉलीमागे एक लाल रिफ्लेक्टर लावायला कारखान्याने कोणत्याही रडारची वाट पाहू नये.