मजबुरीची हद्द

दर रविवारी असरच्या नमाजनंतर आम्ही तिघे शिक्षक मोहल्ल्यातल्या कॉलेजच्या मुलांना शिकवतो. त्या दिवशी विषय होता रिश्वत. जकात गोळा करायला गेलेल्या इब्नुल लुतबियाची हदीस आम्ही सांगितली. परत आल्यावर त्याने जकातीचा माल वेगळा केला आणि बाकीचा मला भेट मिळाला म्हणून ठेवून घेतला. आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट आली असती का, असे प्रेषित (स.) यांनी मिंबरवरून विचारले.

मुले हसली. मग एकाने विचारले, ‘‘सर, तुम्ही कधी दिली का?’’

आम्ही एकमेकांकडे पाहिले. तिघांनीही दिली होती. एकाने दाखल्यासाठी, एकाने पासपोर्टच्या चौकशीत, एकाने शिक्षकाच्या नोकरीसाठी. खोटे बोलणे शक्य नव्हते. आपलाच हक्क अडवला आणि दुसरा मार्ग उरला नाही, तर अनेक फकीहांनी देणाऱ्याला सवलत दिली आहे, घेणाऱ्याला नाही. नोकरीत मात्र दुसऱ्या उमेदवाराचा हक्क जातो. तिथे ही सवलत लागू नाही.

‘‘मजबुरीत हराम चालते ना? मोबाइलवरचे एक मौलाना हेच सांगतात. कौमवर जुल्म होतोय, मजबुरी आहे, मग बेगुनाह मेले तरी चालते.’’

वर्ग गप्प झाला. त्याला दटावले असते, तर तो त्या मोबाइलकडेच परत गेला असता. खारिजी नमाजी होते, कुरआन पढणारे होते. त्यांच्यातल्याच एकाने 661 साली कूफ्याच्या मशिदीत हजरत अलींवर (रजि.) तलवार चालवली. पण त्याआधी इब्न अब्बास (रजि.) त्यांच्या छावणीत जाऊन कुरआनच्या आधारे बोलले, आणि कित्येक जण परत फिरले. आम्हीही बोललो. भुकेने मरणाऱ्याला मुरदार खाता येते, तेही जीव वाचण्यापुरतेच. आपला जीव वाचवायला दुसऱ्या बेगुनाहाचा घेता येत नाही. मजबुरीची हद्द दुसऱ्याच्या हक्कापाशी संपते.

‘‘मग सर, ती नोकरी?’’

बंद्याचा हक्क नुसत्या तौबाने माफ होत नाही. त्या बंद्याकडे जावे लागते. तो उमेदवार कोण, हे आमच्यातल्या त्या एकाला माहीत आहे. अजून तो गेलेला नाही. मुले दर रविवारी विचारतात. त्यांनी विचारणे बंद केले, तर आम्हाला शिकवण्याचा हक्क राहणार नाही.