गुलाबाची राखण

गुलाबाच्या फुलाचे कौतुक सर्वच करतात. त्याच्या पानांकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. वस्तुतः झाडाचे सारे सुखदुःख प्रथम पानांवरच उमटते.

आमच्या बेळगाव-निपाणी भागात पावसाळ्यात पाने दिवसदिवस ओली राहतात. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचे बीजाणू रुजण्यास पान सुमारे सात तास ओले राहिले तरी पुरे होते. खालच्या पानांवर झालरीसारख्या कडांचे ठिपके पडतात, भोवतालचा भाग पिवळा होतो आणि पान गळते. पाऊस ओसरून रात्री गार झाल्या की कोवळ्या शेंड्यांवर व कळ्यांवर पांढरी भुरी चढते. तिला ओल्या पानाचीही गरज लागत नाही.

गतवर्षी आमच्या शाळेच्या बागेतील गुलाब ठिपक्यांनी निष्पर्ण झाले. ते उपटून टाकावेत, असाही विचार निघाला. ‘एक वर्ष आमच्या हाती द्यावेत,’ अशी आम्ही गुरुजींस विनंती केली.

डागाळलेले पान पुन्हा निर्मळ होत नाही. औषध असते ते निरोगी पानाच्या रक्षणासाठी. म्हणून आम्ही गळलेली पाने वेचून जाळली, कारण बुरशी त्यांतच दडून राहते. दाट फांद्या विरळ केल्या आणि पाणी सकाळी केवळ बुंध्याशी घातले.

पावसापूर्वी गुरुजींच्या देखरेखीखाली, नाक-तोंड झाकून, बोर्डो मिश्रण फवारले. फ्रान्समधील बोर्डो प्रांतात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्याच वेली केवडा रोगापासून बचावल्याचे मिलार्दे या शास्त्रज्ञाने हेरले आणि १८८५ साली हे औषध जगापुढे मांडले. दहा लिटर पाण्यास शंभर ग्रॅम मोरचूद व तितकाच कळीचा चुना लागतो. दोन्ही प्लास्टिकच्या निरनिराळ्या बादल्यांत कालवून मग एकत्र करावीत. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवावी. तिच्यावर तांबूस थर चढल्यास चुना वाढवावा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम, कडक ऊन टाळून, फवारावे.

यंदा ठिपके मुळीच पडले नाहीत असे नव्हे. परंतु गणेशचतुर्थीस झाडे हिरवी होती. ती उपटण्याची भाषा आता कोणी करीत नाही. रोग आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो येण्यापूर्वी रोज थोडे लक्ष देणे सोपे, हे गुलाबाने आम्हांस शिकविले.