तीन रसिकांची यादी

१९७९ साली लंडनमधील रेकॉर्डवेड्या तीन मित्रांनी, स्टीव्हन स्टेपलटन, जॉन फॉदरगिल आणि हेमन पाठक यांनी, ‘नर्स विथ वूंड’ या नावाने पहिला अल्बम काढला व सोबत आवडत्या कलावंतांची लांबलचक यादी जोडली. नुसती नावे, ना देश, ना साल.

एका वर्गमित्राने ती मला दिली. मी वाचलेल्या इंग्रजी ग्रंथांत ‘येस’, ‘जेनेसिस’ यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत. इटलीचा ‘आरेआ’, स्वीडनचा ‘सामला मामास मान्ना’ हे प्रोग्रेसिव्ह रॉकचे बँड मात्र या यादीतच भेटले.

माझ्या मते ती बखरीसारखे साधन आहे: पक्षपाती, म्हणून पारखून वापरावे असे. प्रबंधाच्या साधनसूचीत मी ती घातली आहे. मार्गदर्शक अद्याप राजी नाहीत. ऐकणाऱ्यांनी ‘आरेआ’च्या १९७३च्या पहिल्या अल्बमपासून आरंभ करावा.