वेरोनिकाबरोबर जिना चढताना

युद्धाचा चित्रपट म्हटला की आपल्याला तोफा आणि छाती पुढे काढून लढणारा नायक आठवतो. मिखाईल कालातोझोव यांच्या ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’ या १९५७ च्या रशियन चित्रपटात युद्ध दिसतं ते मुख्यतः जिन्यावर, गर्दीत आणि स्टेशनवर. १९५८ साली कान महोत्सवात त्याला सर्वोच्च ‘गोल्डन पाम’ पुरस्कार मिळाला.

गोष्ट १९४१ मधल्या मॉस्कोची. वेरोनिकाचं बोरिसवर प्रेम आहे. युद्ध सुरू होताच तो स्वतःहून सैन्यात जातो आणि त्याची पत्रं काही येत नाहीत. पुढे ती त्याच्याच नात्यातल्या मार्कशी लग्न करते.

आईबरोबर चित्रपट पाहत होते. इथे ती पटकन म्हणाली, “थांबायला काय झालं होतं हिला?”

दिग्दर्शक या प्रश्नाला संवादांतून उत्तर देत नाही. ते काम त्याने कॅमेऱ्यावर सोपवलं आहे. छायाचित्रकार सेर्गेई उरुसेव्स्की यांनी प्रत्यक्ष आघाडीवर चित्रण केलेलं होतं. धावत्या माणसाबरोबर कॅमेरा हातात घेऊन धावणं त्यांना नवं नव्हतं. बोरिसला निरोप द्यायला निघालेली वेरोनिका बसमधून उतरते, तेव्हा कॅमेराही तिच्यामागे उतरतो, गर्दीत घुसतो आणि मग एकदम उंच जातो. खाली रणगाड्यांच्या रांगेतून धावणारी ती केवढीशी दिसते! बोरिसची भेट होतच नाही.

बॉम्बहल्ल्यानंतर ती आईवडिलांसाठी पेटत्या जिन्यावरून धावत वर जाते आणि दार उघडते. पलीकडे घरच नसतं. एक घड्याळ तेवढं टिकटिकत असतं. पुढे हल्ल्याच्या रात्री, ती ‘नाही, नाही’ म्हणत असताना, मार्क तिला फुटलेल्या काचांवरून उचलून नेतो. लग्न होतं ते त्यानंतर.

तिकडे बोरिसला गोळी लागते. त्याच्या डोळ्यांपुढे भूर्जवृक्ष गरगर फिरतात आणि त्यातच न झालेल्या लग्नाचं दृश्य मिसळतं. आपल्याला सगळं कळतं. वेरोनिका मात्र वाट पाहतच राहते.

रुग्णालयात बोरिसचे डॉक्टर वडील एका जखमी जवानाची समजूत घालतात. वाट न पाहणाऱ्या मुलींना क्षमा नाही, असं ते बोलून जातात. वेरोनिका ते ऐकते. दिग्दर्शक आपल्याला तिचा चेहरा दाखवतो आणि तिच्याबरोबर बाहेर धावायला लावतो.

शेवटी १९४५ मध्ये जवान परततात. बोरिससाठी आणलेली फुलं ती स्टेशनवरच्या अनोळखी माणसांना वाटून टाकते.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तिला कुणी विचारलं होतं का?”

आपल्या ओळखीतही अशी एखादी बाई असते, जिच्या दुसऱ्या लग्नाची चर्चा वर्षानुवर्षं थांबत नाही. तिच्याबद्दल मत देण्याआधी ती कोणता जिना चढून आली, तेवढं तरी पाहायला हवं.