सासूबाईंची अंघोळ आणि १६० व्होल्ट

मनालीपासून तीनेक किलोमीटरवर, व्यास नदीपलीकडच्या चढावर वसिष्ठ नावाचं लहानसं गाव आहे. वसिष्ठ ऋषींचं जुनं देऊळ आणि त्याला लागून असलेली गरम पाण्याची कुंडं, यासाठी ते प्रसिद्ध आहे. २०१८ च्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब तिथे गेलो आणि हॉटेलाऐवजी एका घरीच उतरलो. लाकडी माडी, खिडकीतून दिसणारी बर्फाची शिखरं आणि घरच्या बाई अतिशय प्रेमळ. सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांच्याशी मैत्री जुळवली.

पंचाईत झाली ती दुसऱ्या दिवशी. सासूबाईंचा नेम असा, की अंघोळीशिवाय चहासुद्धा घ्यायचा नाही. पहाटे सहाला मी बादलीत रॉड सोडला. पुण्याला अर्ध्या-पाऊण तासात बादली तापते. इथे तास झाला तरी पाणी कोमटच! "रॉड बिघडलेला दिसतोय," म्हणत सासूबाई पाण्यात बोट घालणार, तोच घरच्या बाई दारातून ओरडल्या, "माताजी, पहले बटन बंद!"

माझ्या काळजात धस्स झालं. सासूबाई मात्र म्हणाल्या, "वीज तर मंदच आहे, झटका कसला बसतोय?" बाईंनी त्यांना हाताला धरून फ्रिजच्या स्टॅबिलायझरपाशी नेलं. काटा १६० वर होता. "जीव घ्यायला एवढीही पुष्कळ झाली," त्या शांतपणे म्हणाल्या.

चहा घेताना ह्यांनी हिशेब मांडला. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट धरतात. १६० म्हणजे त्याच्या सत्तर टक्के. पण रॉडची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. सत्तर टक्क्यांचे सत्तर टक्के, म्हणजे जेमतेम निम्मी! हजार वॉटचा रॉड पाच अंशांचं पंधरा लिटर पाणी ४५ अंशांपर्यंत न्यायला एरवी पाऊण तास घेईल. इथे जवळजवळ दीड तास. शिवाय उघड्या बादलीतली ऊब तेवढा वेळ थंडीत उडत राहते. म्हणजे वीज मंद म्हणून बिल कमी येईल, ही आशाही खोटी.

आणि दाब उतरतो का? ट्रान्सफॉर्मरपासून लांबवर गेलेल्या तारा, आणि सकाळी एकाच वेळी घरोघर लागलेले रॉड आणि गीझर. आपण स्टॅबिलायझर लावून दाब चढवला, तर तो तारेतून आणखी प्रवाह ओढतो आणि शेजाऱ्याचा दिवा अधिकच मंदावतो.

माझी जाऊ अमेरिकेत असते. तिथला दाब १२० व्होल्ट. तिने एकदा तिथली किटली आपल्याकडे लावली. दाब दुपटीच्या जवळ, म्हणून उष्णता जवळजवळ चौपट. किटली क्षणात जळाली!

घरच्या बाईंना हे वर्ग-बिर्ग ठाऊक नव्हते, पण त्यांची व्यवस्था चोख होती. गीझर त्या रात्री अकरानंतर लावत. तेव्हा गाव झोपलेलं, दाब चढलेला. आणि टाकीभोवती उष्णतारोधक अस्तर असल्याने पाणी सकाळपर्यंत ऊन राहतं. इंडक्शनची शेगडी दाब फार उतरला की आपोआप बंद पडते, म्हणून तिच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. गॅसच्या गीझरला दाबाची फिकीर नाही, पण थंडीत खिडकी बंद करून लावला तर विषारी वायू साठतो. त्यांचा खरा आधार होता अंगणातला लाकडावरचा 'हमाम'. पाहताच सासूबाई खुलल्या, "अगं, हा तर आपला बंबच!"

तिसऱ्या दिवशी सासूबाई बायकांच्या कुंडावर गेल्या. गंधकाचा वास, वाफ आणि जमिनीच्या पोटातून तापून आलेलं पाणी. तासाभराने लालबुंद होऊन परतल्या. "याला ना तार, ना बटण," म्हणाल्या.

पुण्याला आल्यावर त्यांनी न्हाणीघराच्या दारावर स्वतःच्या हाताने कागद चिकटवला. तो अजून तिथे आहे: 'आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मगच पाण्यात हात.'