रविवारचं ऐकणं पुरेसं नाही

ज्या प्रकरणाने मला यंदा अस्वस्थ केलं, ते अध्याय आणि वचनांचे आकडे दिल्याशिवाय सांगता येत नाही.

वसईतल्या धर्मग्रामांत मी प्रौढांसाठी बायबलचे वर्ग घेते. एका वर्गानंतर एक आई थांबली. तिच्या मुलाचं आजारपण हटत नव्हतं. कुठल्याशा प्रार्थनासभेत तिला सांगितलं होतं, की पणजोबांचं पाप या मुलाला भोवतंय, कुळाचा शाप तोडायला हवा. आधार दाखवला होता निर्गम 20:5 चा. तिथे वडिलांच्या अपराधाची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचते असं म्हटलं आहे. आयुष्यभर रविवारची मिस्सा न चुकवलेल्या त्या बाईकडे यावर उत्तर नव्हतं. ते का नव्हतं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

उत्तर बायबलमध्येच आहे. इ.स.पू. सहाव्या शतकात बाबिलोनला हद्दपार झालेले यहुदी हेच म्हणत होते, की पाप बापजाद्यांनी केलं आणि भोगतोय आम्ही. यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात ही समजूत खोडून काढली. बापाचा दोष मुलावर येत नाही, असा विसाव्या वचनात त्याचा स्पष्ट निर्वाळा आहे. योहानच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो.

मग निर्गमाचं काय? त्या काळी तीन-चार पिढ्या एकत्र नांदत. घरच्या कर्त्याच्या वागण्याचे परिणाम सगळ्यांवर होत. परिणाम आजही होतात. बाप दारूत बुडाला तर मुलांची फरफट होते, पण त्यामुळे मुलं दोषी ठरत नाहीत. आणि त्याच्या लगतच्या सहाव्या वचनात देवाची दया हजारो पिढ्यांपर्यंत जाते, ते प्रार्थनासभेत वाचलंच गेलं नव्हतं. ‘आदिपाप तर वंशपरंपरेने येतं ना?’ असं लोक विचारतात. येतं, पण ती मानवजातीची अवस्था आहे, कुणा पणजोबांचं कृत्य नव्हे, आणि स्नानसंस्कारात तेही धुतलं जातं. ख्रिस्तसभेचा 1992 चा धर्मशिक्षण ग्रंथ हेच शिकवतो. पिढीजात पापापासून मुक्ती देणाऱ्या अशा प्रार्थनांविरुद्ध स्पेनच्या बिशपांच्या समितीने 2024 मध्ये खुलासाही काढला. तरी आमच्या भागात ही भीती घरोघर फिरते, याची मला चीड येते.

आता त्या बाईचा रविवार बघा. मिस्सेतली रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. या चक्रात यहेज्केलचा अठरावा अध्याय एकदाच, पहिल्या वर्षी येतो, तोही 25 ते 28 एवढीच चार वचनं. विसावं नाही. योहानचा नववा अध्याय त्याच वर्षी उपवासकाळात येतो. पण तो लांबलचक असल्याने संक्षिप्त वाचनाची मुभा आहे, आणि संक्षेपात शिष्यांचा तो प्रश्नच गळतो. म्हणजे एखादी व्यक्ती साठ वर्षं दर रविवारी कान देऊन ऐकत असली, तरी जे उत्तर तिला तारणार होतं ते तिच्या कानावर पडेलच असं नाही. दोष उपासनेचा नाही. तासाभरात संपूर्ण बायबल मावत नाही. घरी वाचायचं ते यासाठी.

‘आपण कॅथलिकांनी बायबल वाचायचं नसतं, ते फादरांचं काम,’ हे वाक्य मी अजून ऐकते आणि थकते. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 18 नोव्हेंबर 1965 च्या दस्तऐवजात सर्व श्रद्धावंतांना वारंवार वाचनाचा आग्रह केला, त्याला साठ वर्षं उलटली. मराठीत तर त्याआधी साडेतीनशे वर्षं, 1616 मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी बायबलची कथा सामान्यांसाठी मांडली. हा वारसा आपला आहे, याचा मला अभिमान वाटतो. भाषा अवघड म्हणावी, तर नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ देऊन तीही सबब ठेवली नाही.

वाचन मात्र एकट्या वचनाचं नको. शाप सांगणाऱ्यांनीही बायबलच उघडलं होतं. आधीचा-नंतरचा अध्याय बघा, तोच विषय इतरत्र कसा आलाय ते शोधा, आणि ख्रिस्तसभेची शिकवण शेजारी ठेवा. घरात रोझरीनंतर पंधरा मिनिटं काढा. वाडीतल्या चार कुटुंबांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसा. अडलं तर धर्मगुरूंना विचारा, त्यांना विचारलेलं आवडतं.

सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा. सोळाच अध्याय आहेत. रोज एक वाचलात तर सोळा दिवसांत सहज पूर्ण होईल. पुढच्या वेळी कुणी एकच वचन दाखवून तुमच्या लेकराच्या आजाराला शाप म्हणालं, तर त्यांच्याच हातातलं बायबल घ्या आणि यहेज्केल 18 उघडून त्यांना वाचायला सांगा.