शेवटचे १८ मीटर

“ताई, मी लयीतच होते.”

एवढं म्हणून ती गप्प झाली. अकरा वर्षांची मुलगी, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारी. तिच्याकडे शनिवारची सकाळ, माझ्याकडे मिरजेत संध्याकाळचे सात. भूपातली बंदिश चालू होती, मध्यलय तीनताल. मुखडा नवव्या मात्रेपासून. ती उचलायची बरोबर, पण समेकडे येताना लय पळवायची. म्हणजे मला तसं ऐकू यायचं. कधी शेवटच्या चार मात्रा घाईत उरकायची, कधी एखादा स्वर उगाच ताणून धरायची. तीन शनिवार मी तेच सांगत होते. चौथ्या शनिवारी माझा आवाज चढला.

त्याच रात्री तिच्या आईने क्लास चालू असताना स्वतःच्या फोनवर केलेलं रेकॉर्डिंग मला पाठवलं. तक्रार म्हणून नाही, ‘नेमकं कुठे चुकतंय ते सांगाल का’ एवढंच विचारायला. मी हाताने ताल धरून ऐकलं. मुखडा स्वच्छ होता, सम जागच्या जागी. पुन्हा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. मुलगी बरोबर होती. बिघाड एडिसन आणि मिरजेच्या मध्ये कुठेतरी होता आणि मी तो तिच्या माथी मारला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. शिकणाऱ्याचा सूर चुकला तर तो दुरुस्त करता येतो, पण लयीत असलेल्या मुलाला ‘तू लयीत नाहीस’ असं चार आठवडे सांगत राहिलं, तर ते स्वतःच्या कानावरच विश्वास ठेवेनासं होतं. मग त्याला काय शिकवणार?

ऑनलाइन शिकवायला मी २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदीत लागले. त्याआधी मुलं माडीवर येत, सतरंजीवर बसत. टाळेबंदी उठल्यावर गावातली मुलं परत आली, पण दूरची सुटली नाहीत, उलट वाढली. आमचं घर जुनं. खालच्या भिंती काळ्या दगडाच्या आणि चुन्याच्या, दीड-दोन फूट जाड. फायबरची तार रस्त्याच्या बाजूने ओसरीत येते, म्हणून नेटवाल्याने राउटर तिथेच कोनाड्यात ठेवला होता. शिकवणी माडीवर, मागच्या बाजूला. मध्ये स्वयंपाकघर, दोन भिंती, जिना आणि तक्तपोशी.

मुलं ‘ताई, आवाज तुटतोय’ म्हणायला लागली तेव्हा मी आधी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. त्यांनी तिकडून लाइन तपासली, ठीक आहे म्हणाले आणि मोठा प्लॅन घ्यायला सुचवलं. मी १०० एमबीपीएसचा २०० केला. आवाज तुटायचा तो तुटतच राहिला. तरी मी समजत होते की वेगच कमी पडतोय. ‘स्पीड किती आहे’ याखेरीज इंटरनेटबद्दल कुणी काही विचारतंय, असं मी तोवर ऐकलं नव्हतं.

रेकॉर्डिंग आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सांगलीहून भाच्याला बोलावलं. तो अभियांत्रिकीला आहे. त्याने वेग मोजलाच नाही. माडीवर माझा लॅपटॉप उघडला, काळी खिडकी काढली आणि मला म्हणाला, “मावशी, आता बाहेरच्या जगाशी बोलायचंच नाही. फक्त खाली कोनाड्यातल्या राउटरला हाक मारायची आणि ओ किती वेळात येते ते बघायचं.” याला पिंग म्हणतात. दर सेकंदाला एक हाक. पडद्यावर आकडे येऊ लागले, मिलिसेकंदांत: ३, ४, ३, १४०, ६, ५, ३८०, ४. मध्येच एका हाकेला उत्तरच नाही. मग परत ३.

तो आकड्यांकडे बघत होता, मी नुसती ऐकत होते. खरंच ऐकत होते, कारण प्रत्येक ओळ मनात एका मात्रेसारखी पडत होती. कुणी तबल्यावर असा ठेका धरला तर त्याला दोन आवर्तनांत उठवावं लागेल. मध्यलयीत एक मात्रा साधारण अर्ध्या सेकंदाची. त्यात ३८० मिलिसेकंदांचा खड्डा म्हणजे मात्रेचा बहुतेक भाग गेलाच.

पण मग खड्डा ऐकू न येता लय पळाल्यासारखी का वाटायची? हे मला त्याने नीट समजावलं. आवाज बारीक तुकड्यांत येतो. तुकडे वेळेवर येत नसतील तर मीटिंगचं अ‍ॅप थोडे तुकडे साठवून ठेवतं, म्हणजे मध्ये तुटणार नाही. साठा संपत आला की हातातला आवाज किंचित ताणतं. उशिराचे तुकडे एकदम आले की तुंबलेलं वेगाने वाजवून भरून काढतं. नुसत्या बोलण्यात हे कुणाच्या ध्यानात येत नाही, उलट बोलणं सलग ऐकू येतं. गाण्यात मात्र तीच ती माझ्या विद्यार्थिनीची ‘चूक’: ताणलेला स्वर आणि मागून घाई. मी जिला रागावले ती लय त्या यंत्राने घडवलेली होती.

त्याने फोनवर आसपासच्या वायफायची यादी दाखवली. आमचा धरून पंधरा राउटर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. पंधरा घरं या तिघींत कोंबलेली. वायफायवर एका वाहिनीत एका वेळी एकालाच बोलता येतं. प्रत्येक यंत्र आधी कान देतं, कुणी बोलत असेल तर थांबतं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं आणि दोघं थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतात. संध्याकाळी सातला अख्खी गल्ली घरी असते, त्यामुळे माझ्या भूपाला गल्लीतल्या मालिकांच्या रांगेत उभं राहावं लागत होतं. भर म्हणून आमच्याच स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, तोही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. साडेसातला सूनबाई दूध गरम करायची आणि वर आकडे उधळायचे. आम्ही मुद्दाम दोनदा करून बघितलं.

‘मग ५ गिगाहर्ट्झ घे की,’ असं कुणीही म्हणेल. घेऊन बघितलं. त्या पट्ट्यात गर्दी कमी, वेग भरपूर, पण जाड भिंत त्याला सोसत नाही. ओसरीत राउटरशेजारी १९० एमबीपीएस आणि आकडेही बरेच शांत. माडीवर येईपर्यंत कधी ३०, कधी जोडणीच तुटलेली. विटेच्या पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हा पट्टा पुरा पडेल, हे मी मोकळेपणाने सांगते. आमच्या घराला तो पुरा पडला नाही.

मग ठरलं, तार टाकायची. कॅट-६, मोजून १८ मीटर. दगडी भिंतीला भोक पाडायला माझी तयारी नव्हती. जिन्यावरून तार नेताना भाच्याला तक्तपोशीच्या कडेला लाकडात एक जुनं भोक सापडलं, पेन्सिल जाईल एवढं. ते बघून मला एकदम आठवलं. वडिलांच्या रेडिओच्या एरियलची तार तिथून छपरावर जायची. या माडीवरच त्यांनी आयुष्यभर गाणं ऐकलं. हवेतून येणारं गाणं पकडायला त्यांनी पाडलेल्या भोकातून मी आता हवेला टाळणारी तार नेत होते.

पुढे वाचताना कळलं की या दोन्हींचं नातं त्याहून जवळचं आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओलहरींनी जोडले; त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. सगळ्यांना एकच वाहिनी, टक्कर झाली तर थांबून पुन्हा पाठवायचं. त्यावरूनच रॉबर्ट मेटकाफ यांना १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत कल्पना सुचली आणि त्यांनी तीच रीत तारेत आणली. प्रकाशाच्या लहरी वाहून नेणारा म्हणून एकेकाळी कल्पिलेल्या ईथरचं नाव त्या तारेला दिलं, इथरनेट. म्हणजे घरातल्या तारेचं घराणं मुळात आकाशातलं. पुढे तारेतली टक्कर संपली. आता प्रत्येकाला स्वतंत्र तार, येणं आणि जाणं एकाच वेळी चालतं, कुणी कुणासाठी थांबत नाही. वायफाय मात्र आजही कान देऊन, थांबून बोलतं, कारण आकाश सगळ्यांचं एकच आहे.

माझ्या लॅपटॉपला लॅनची खाच नाही, म्हणून एक छोटा अडॅप्टर आणावा लागला. तार जोडली आणि भाच्याने आधी वेग मोजला. ९४. दोनशेचा प्लॅन आणि ९४! त्याचा चेहरा पडला. अडॅप्टर बदलून बघितला, तरी ९४. मग त्याने तारेच्या दोन टोकांना टेस्टर लावला. एकामागून एक आठ दिवे लागायला हवेत. चौथा लागला नाही. तारेत आठ बारीक तारा असतात, चार जोड्या. १००चा वेग दोन जोड्यांवर चालतो, १०००ला चारही लागतात. १००ला न लागणाऱ्या दोन जोड्यांतली एक जरी तार तुटली तर बहुतेक वेळा दोन्ही टोकं आपसात ठरवून १०० वर उतरतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. त्याने टोक कापलं, रंग पुन्हा लावले: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पक्कड दाबली. आठही दिवे लागले, वेग दोनशेवर गेला.

मिरजेत मी लहानपणापासून तानपुऱ्याची जवारी निघताना बघितली आहे. घोडीवर तारेखाली सुताचा धागा, तो केसभर सरकवला की सगळा तानपुरा बोलायला लागतो. कारागीर त्या वेळी श्वास रोखून असतो. भाचा त्या आठ तारा प्लगमध्ये सरकवत होता तेव्हा तसाच दिसत होता.

पण मला सांगायचं आहे ते त्या ९४च्या वेळचं. टोक कापण्याआधी, तार अशी अधू असतानाच, त्याने पुन्हा राउटरला हाक मारली. एकपेक्षा कमी, एकपेक्षा कमी, एकपेक्षा कमी. अर्धा तास आकडा हलला नाही. मुंबईच्या सर्व्हरपर्यंत ११, ११, १२, ११. खाली मायक्रोवेव्ह चालू केला, तरी ११. मी लगेच पुण्याच्या एका विद्यार्थिनीला बोलावून गायला लावलं आणि माझे डोळे भरून आले. श्वास घेतलेला ऐकू येत होता. त्यानंतर वेग दोनशे झाला तेव्हा गाण्यात तसूभरही फरक पडला नाही. अधूनमधून अडखळणाऱ्या वायफायवरच्या कितीही मोठ्या आकड्यापेक्षा ते सरळ चालणारे ९४ मला हवे होते. दहा असते तरी चाललं असतं, कारण आवाजाला आणि चित्राला मिळून दोन-तीन एमबीपीएस पुरतात. माझ्या मोठ्या प्लॅनचे पैसे ज्या गोष्टीसाठी गेले, तिची गरज कधी नव्हतीच.

तारेने सगळं सुटलं असंही नाही. मिरज ते न्यू जर्सी सरळ रेषेत १३,००० किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसतं जायला किमान ६५ मिलिसेकंद, परत यायला तेवढेच. प्रत्यक्षात वाट वाकडी, मध्ये थांबे. माझ्याकडे येण्याजाण्याचा आकडा २३० च्या आसपास येतो. मी ठेका धरून तिने माझ्याबरोबर गावं, हे होणार नाही. म्हणून ठेका तिच्याकडे वाजतो, ती त्याच्यावर गाते, आणि ठेका व गळा दोन्ही सारखेच उशिरा माझ्याकडे पोचतात. उशीर एकसारखा असला की त्याच्याशी जमवून घेता येतं. विलंबित गाणाऱ्याला थांबायचं भय नसतं. माझी चार आठवड्यांची चूक १३,००० किलोमीटरमधल्या शेवटच्या १८ मीटरमध्ये होती, समुद्राखालची वाट आपलं काम नीट करत होती.

पाचव्या शनिवारी क्लास सुरू झाल्यावर तिने नेहमीसारखा ठेका लावला. मी थांबवला. म्हटलं, “आधी ऐक. मागचे चारही शनिवार तू लयीत होतीस. चूक माझ्या घरातल्या जोडणीची होती आणि मी ती न तपासता तुला रागावले. मला माफ कर.” ती काही बोलली नाही. मागे तिची आई ओट्याशी काम करत होती, तिचे हात थांबलेले दिसले. मग मुलीने विचारलं, “मग मी ते परत म्हणू?”

म्हणाली. मुखडा उचलला, चार आवर्तनं गेली, प्रत्येक सम माझ्या हाताखाली बरोबर पडली. अंतऱ्यात षड्जाकडे जाताना तिचा धैवत किंचित उतरला. मला स्पष्ट ऐकू आला.

“धैवत परत लाव,” मी म्हटलं. उरलेली वीस मिनिटं आम्ही त्या एका स्वरावर बसलो.